अनुभव धागा: मराठवाड्यातले किल्ले आणि डोंगरातली गावं

देवगिरी सगळेच बघतात. पण अजिंठ्याच्या रांगेतल्या वेताळवाडी, जंजाळा, अंतूरकडे फार थोडे वळतात. या भागात नेहमी वावर असणाऱ्यांनी लिहावं: कधी जावं, कुठून चढावं, कुठे फसगत होते. प्रवासवर्णन नको, दुसऱ्याला उपयोगी पडेल असं द्या.

दौलताबादहून

देवगिरीला सकाळी किल्ला उघडतो तेव्हाच पोचा. बहुतेक लोक चांदमिनार आणि भारतमाता मंदिरापाशी रेंगाळतात, ऊन तापल्यावर बालेकिल्ल्याला हात घालतात आणि चिनी महालाजवळूनच मागे फिरतात. उलटं करा. आधी थेट वर बारादरी गाठा, खालचं सगळं उतरताना बघा.

खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी, म्हणजे काळोखा भुयारी मार्ग लागतो. आत पायऱ्या एकसारख्या नाहीत आणि वटवाघळांच्या विष्ठेने दगड निसरडा होतो. मोबाईलच्या उजेडात एक हात अडकतो, नेमका तोच भिंतीला लावायचा असतो. म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी आणा. झोत पायाशीच ठेवा, छताकडे मारला की वटवाघळं उठतात आणि मागची माणसं बिचकून घसरतात. चपला, सँडल नकोतच.

खुलताबादहून

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. तो दिवस देवगिरी, सुलीभंजन आणि म्हैसमाळला द्या. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते आणि नाथांनी सुलीभंजनच्या डोंगरावर तप केलं असं मानतात. त्यामुळे किल्ला बघून लगेच इथे आलं की दोन्ही जागा एकमेकींशी जुळतात. म्हैसमाळ इथून साधारण 12 किलोमीटर. भर पावसात धुक्यामुळे समोरचं काही दिसत नाही. दरी बघायची असेल तर सप्टेंबरअखेर या, तेव्हा या पट्ट्यात सीताफळंही सुरू होतात.

सोयगावकडून

वेताळवाडीला दोन वाटा आहेत. पायथ्याच्या वेताळवाडी गावातून चढलं तर अख्खा डोंगर चढावा लागतो. उंडणगावकडून हळद्याच्या घाटाने आलं तर गाडी किल्ल्याच्या बरीच जवळ येते. म्हातारी माणसं, मुलं बरोबर असतील तर घाटाचीच वाट धरा. दरवाजावरचं शरभशिल्प (शरभ म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू) मान वर करून शोधा, नाहीतर खालून निघून जाल.

जंजाळ्याचं वेगळं आहे. किल्ला गावाच्याच पठारावर, त्यामुळे चढ जवळजवळ नाही, पण आत पसारा मोठा आणि गवत कमरेएवढं. दिवाळीनंतर ते वाळतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. चालताना टोचून टोचून हैराण करतात. मोज्यावरून पँट घट्ट बांधा. गावातलाच माणूस सोबत घ्या आणि त्याला ठरवून पैसे द्या. गवतात वाटा बुजतात आणि घटोत्कच लेण्यांकडे उतरणारी वाट नवख्याला सापडत नाही. त्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. तो बघितल्याशिवाय जंजाळा अर्धाच.

टाक्यातलं पाणी पिण्याच्या भरवशावर राहू नका. माणशी तीन लिटर घरूनच.

कन्नडहून

अंतूरच्या वाटेवर फारसी लेखाचा दिशादर्शक दगड उभा आहे, तिथे नक्की थांबा. पावसाळ्यात शेवटच्या कच्च्या रस्त्यावर काळी माती चाकाला चिकटते आणि गाडी जागच्या जागी फिरते. गाडी गावातच लावून चाला. आग्यामोहोळं दिसली की सिगारेट, अत्तर, मोठ्याने ओरडणं सगळं बंद.

नळदुर्गहून

पाणीमहालावरून पाणी पडताना बघायचं असेल तर निघण्याआधी बोरी धरण भरलंय का ते विचारा. पाऊस कमी झाला त्या वर्षी महालावरून पडणारे नर-मादी धबधबे कोरडेच राहतात. महाल मात्र कोरड्यातही बघण्यासारखा. बंधाऱ्याच्या पोटात खोली, वरून पाणी जातं आणि आत पाऊल भिजत नाही.

अजून एक, सोयगावकडूनच

भाकरी, पिठलं, ठेचा गावात मिळतो, पण आयत्या वेळी नाही. चढायच्या आधी किती माणसं आहेत ते सांगून जा आणि उतरायला उशीर होणार असेल तर फोन करा. चुलीवरची भाकरी दुपारी दोनपर्यंत ताजी लागते, चारला नाही.