बांबोळी लांब पडते. मुलासाठी ग्रामसभेत नेमकं काय मागू?

सत्तरीची_आई:
नमस्कार. मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. थोरला मुलगा नववीत, १४ पूर्ण. चतुर्थीची सुट्टी संपली आणि शाळेच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं. रविवारी दुखत नसे. आम्ही आधी पोटाच्याच मागे लागलो. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल. सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणं घातलं, त्यालाही माझी ना नव्हती. मग एका सकाळी तो दप्तर पाठीला अडकवून न्हाणीत कडी लावून बसला, तो बस गेल्याचा आवाज आल्यावरच बाहेर आला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

आता दर पंधरा दिवसांनी त्याला बांबोळीला मानसोपचार संस्थेत नेते. डॉक्टर शांतपणे ऐकतात, तो त्यांच्याशी बोलतो. पण पहाटेची कदंब बस धरायची, पणजीला उतरून दुसरी बस, परत घरी येईस्तोवर दिवेलागण. सध्या काजूचे दिवस. एक दिवस बागेत गेलं नाही की पडलेले बोंडू तिथेच कुजतात, त्यामुळे मागची खेप चुकली. घरच्यांना मी दोष देत नाही, तो पैसा वर्षभर पुरवायचा असतो.

शाळेत समुपदेशक बाई आठवड्यातून एकदाच येतात. हा ज्या दिवशी धीर करून जातो, तो दिवस नेमका त्यांचा नसतो.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. मला उभं राहून बोलायचंय. "मुलांसाठी काहीतरी करा" म्हटलं तर टाळ्या पडतील आणि विषय संपेल. नेमकं काय मागू?

चार_शाळा:
ताई, मी समुपदेशक आहे, माझ्याकडे चार शाळा आहेत. आधी मुलाचं. घरी राहिलं की त्या दिवसापुरतं त्याला बरं वाटतं, आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी अवघड होते. फरफटत नेऊ नका, पण महिनोन्महिने घरीही ठेवू नका. डॉक्टरांना विचारून एका तासापासून सुरुवात करा, त्याच्या आवडीच्या विषयाचा तास. शाळेत कोणी चिडवतं, मारतं का, हे आडून विचारा. बसमध्ये काय होतं तेही विचारा. मुलं वर्गातलं सांगतात, बसमधलं लपवतात.

आता मागणी. दिवस वाढवून मागाच, पण खोलीही मागा. एका शाळेत मला मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून जागा दिली होती. आत यायच्या आधी मुलं तीनदा मागे बघायची. शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गात जायचा आणि नाव मोठ्याने वाचायचा, की पुढचा आठवडाभर वर्ग त्या मुलाच्या मागे. दुसऱ्या शाळेत वाचनालयामागची खोली मिळाली. तिथे मुलं मधल्या सुट्टीत न बोलावता येतात. मी तीच, काम तेच.

पेडणेकर_२२:
मावशी, मी १६ वर्षांचा असताना बांबोळीला जायचो. आई शेजारी सांगायची, दात दाखवायला नेते. डेंटल कॉलेजही तिथेच, त्यामुळे कोणी पुढे विचारायचं नाही. मीही मित्रांना तेच सांगायचो. औषधाने झोप यायला लागली होती, पण ते खोटं सांभाळणं मला आजारापेक्षा जड गेलं. तुमच्या मुलासमोर तरी खरं नाव घ्या.

रात्री फार घाबरला तर १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. मी पहिल्यांदा लावला तेव्हा पाच मिनिटं काही बोललोच नाही, नुसता रडलो. पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही.

निवृत्त_सिस्टर:
बाय, कागदावर लिहून ने. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १८. त्यात स्पष्ट म्हटलंय की मानसिक आजार असलेल्या कोणालाही, मुलांनाही, उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ मिळावी. म्हणजे तू मेहेरबानी मागत नाहीस.

कोणी म्हणेल, एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? तर सांग, याचं उत्तर गोव्यातच शोधलं गेलंय. पर्वरीची 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून आहे. त्यांच्या 'मानस' प्रयोगात डॉक्टर नसलेल्या साध्या लोकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं, वर तज्ज्ञांची देखरेख. सरकारी केंद्रांत आलेल्या उदास, चिंताग्रस्त रुग्णांना त्याचा फायदा झाला, आणि २०१० साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ते रुग्ण मोठे होते, मुलांसाठी शिक्षण वेगळं द्यावं लागेल. पण रस्ता हाच. आपल्या गावातली बारावी झालेली मुलगी शिकवून तयार झाली, तर पोरं तिच्याशी आपल्या भाषेत बोलतील.

माझ्या नोकरीत पोटदुखी, डोकेदुखी घेऊन आलेली किती मुलं मी नुसती गोळी देऊन घरी पाठवली. विचारायला हवं होतं. ते अजून सलतं.

सत्तरीची_आई:
सगळ्यांचे आभार. रात्री बसून अर्ज लिहिला. तीन गोष्टी मागितल्यात. जवळच्या आरोग्य केंद्रात महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी मुलांसाठी मानसोपचारतज्ज्ञ, तोही दुपारनंतर, म्हणजे शाळाही बुडणार नाही आणि बागही. शाळेत समुपदेशक बाईंचे दिवस वाढवणं आणि त्यांना आडोशाची खोली. आणि गावातल्या दोघांना तरी शिक्षण. कलम १८ सगळ्यात वर ठळक लिहिलंय.

मुलाला बसचं विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मागच्या सीटवर बसणारे दोघे. नावं सांगितली नाहीत. उद्या त्याच्यासोबत बसमध्ये मीही चढणार आहे, चित्रकलेच्या तासापुरती.

ग्रामसभेत ठरावाला अनुमोदन द्यायला कोणीतरी लागेल. आमच्या पंचायतीतलं कोणी हे वाचत असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा.