लाठी, कुस्ती, कराटे : वस्तादांसमोर शिकलात की एकट्यानेच? अनुभव येऊ द्या

पट्टेवाली
परवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत कोल्हापूरच्या पोरी दांडपट्टा फिरवताना पाहिल्या आणि आमची मर्दानी खेळाची तालीम आठवली. पट्ट्याची लोखंडी मूठ हात कोपरापर्यंत झाकते. मनगट वळतच नाही, सगळं फिरवणं खांद्यातून आणि कमरेतून. पण पट्टा लांबच, वस्ताद आधी नुसते पवित्रे करून घ्यायचे. लाठीला हात लावू द्यायचे नाहीत. चिडचिड व्हायची. आता गच्चीवर एकटीच लाठी फिरवते तेव्हा पाय आपोआप पडतात, आणि कोणी "कोपर आत" म्हणून ओरडत नाही याचंच चुकल्यासारखं वाटतं. तुमचं काय?

मु. पो. गंगावेश
एकट्यानं जोर-बैठका मारता येतात. ढाक डाव कुणावर टाकणार, उशीवर?

पट्टेवाली
😂😂 उशी चितपट होईल की

हिरवा पट्टा
कराटेत काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, एकट्याने होतो म्हणून लोकांना वाटतं व्हिडिओ बघून जमेल. लॉकडाऊनमध्ये मी हॉलमधला सोफा सरकवून हेआन शोदान नावाचा काता घासला. मस्त चाललंय असा समज. मग सरांनी मोबाइलवर पाहिलं, पहिलं वाक्य, मागची टाच उचलली जातेय. आरशात ते कळत नाही, कारण मागे बघायला मान वळवली की पवित्राच मोडतो. आणि कुमितेचं, म्हणजे समोरासमोरच्या लढतीचं, तर सोडाच. समोरचा किती अंतरावर आहे हे भिंत शिकवत नाही.

कुकर झाला, नंतर येते.

मु. पो. गंगावेश
वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. आमच्यानं ठेवला का नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, विचारायची हिंमत कुणाची? पण सकाळी हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणायला लावायचे त्यातच निम्मं अंग तयार झालं. ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घातलेली ती माती. वास अजून नाकात आहे.

कऱ्हाडकर
माती आठवली म्हणून लिहितो. आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आधी घरी वडिलांकडे कुस्ती शिकले, मातीतले पैलवान. 1948 ला लंडनला मॅटवर उतरायची वेळ आली, तरी सहावे आले. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे मुरलेल्या मल्लालाही मॅट बदलली की शिकवणारा लागतो. एकट्याने मेहनत करणाऱ्यांना कमी लेखत नाही, ती रोज लागतेच. पण चूक कुठे होतेय ते आपलं आपल्याला दिसायला हवं ना.

पडेल ती कामे
जुडोवाली. आम्हाला आधी पडायलाच शिकवलं. हनुवटी छातीला, हाताने मॅटवर थाप. हे घरी गादीवर एकटीने घोटता येतं, मी घोटलंय. पण दुसऱ्याने फेकल्यावर ती थाप वेळेवर पडते का, ते फेकल्यावरच कळतं. मागच्या पावसाळ्यात स्कूटरवरून पडले, डोकं टेकलं नाही. काकू म्हणाल्या देवाची कृपा. असेल, पण हनुवटी मी आत घेतली होती.

हिरवा पट्टा
@पडेल ती कामे, लागलं नाही ना फार? आता गाडी चालवता का?

पडेल ती कामे
कोपर सोललं फक्त. चालवते की, दुसऱ्याच दिवशी भाजी आणायला गेले.

बिनपगारी
आमच्या गावी ना तालीम, ना क्लास. शाखेत थोडी काठी शिकलो, पुढचं सगळं स्वतःच. वस्ताद परवडणं आणि मिळणं हेही नशीब आहे मंडळी. सगळ्यांना कोल्हापूर नसतं.

पट्टेवाली
बरोबर आहे तुमचं. काठी कुठली वापरता? माझी बांबूची चिरत चाललीय.

बिनपगारी
भरीव बांबू, पेरं जवळजवळ असलेला बघून घ्या. तेल पाजा आणि उन्हात ठेवू नका.

मु. पो. गंगावेश
तेलावरून आठवलं, बदाम घालून थंडाई कोण करतं अजून? आमच्याकडे मिक्सरात करतात, चव नाही येत.

कऱ्हाडकर
पाट्यावर वाटा राव. आणि खसखस विसरू नका.