मदत हवी आहे: ऑक्सिजन असताना नायट्रिक ऑक्साइड कशाला?

नमस्कार मंडळी. सांगलीत एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र करतेय, दुसरं वर्ष. सोमवारी सेमिनार आहे आणि एका जागी गाडी रुतलीय.

विषय मीच मागून घेतला. २०१९ च्या पुरात वाळव्याकडचा आमचा ऊस आठवडाभर पाण्यात होता. तेव्हापासून बुडालेल्या झाडाला हवा संपल्याचं कळतं कसं, हा किडा डोक्यात आहे.

इथवर समजलंय: अरॅबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेतलं नेहमीचं छोटं झाड) जनुकं चालू करणारी ईआरएफ-सात गटाची पाच प्रथिनं, सुरुवात मेथिओनिन-सिस्टीन या अमिनो आम्लांनी. मेथिओनिन छाटला जातो, सिस्टीन उघडा पडतो, पीसीओ विकर ऑक्सिजन वापरून त्याचं ऑक्सिडीकरण करतं. मग आर्जिनिन चिकटतं, पीआरटी-६ हे विकर युबिक्विटिनचा, म्हणजे 'मोडीत काढा'चा, शिक्का मारतं, प्रथिन प्रोटिअझोममध्ये (पेशीतलं प्रथिनं मोडायचं यंत्र) खलास. ऑक्सिजन नसला की प्रथिन वाचतं आणि पूरकाळातली जनुकं चालू करतं. झकास.

पण २०१४ चा शोधनिबंध म्हणतो, नायट्रिक ऑक्साइड काढून घेतला तर ऑक्सिजन असूनही प्रथिन टिकतं! पीसीओला ऑक्सिजन पुरतो ना? सरांना विचारलं तर म्हणाले, "वाच." वाचलं म्हणूनच अडकले ना.

शिवाय बी रुजवायच्या प्रयोगात एसएनपी (सोडियम नायट्रोप्रुसाइड, नायट्रिक ऑक्साइड सोडणारं रसायन) वापरतेय. कंट्रोल काय ठेवू?

प्रतिसाद १

बँकेचा लॉकर आठव. तुझी किल्ली आणि बँकेची, दोन्ही लागतात. परीक्षानळीत पीसीओला नुसता ऑक्सिजन पुरतो, हे २०१७ मध्ये दाखवलंय. जिवंत झाडात मात्र प्रथिन मोडायला दोन्ही वायू हवेत. म्हणून आकृतीत नायट्रिक ऑक्साइडचा बाण थेट सिस्टीनवर मारू नकोस, परीक्षक तिथंच धरतील.

झाडाचा फायदा बघ. पाण्यात वायू फार हळू पसरतात, त्यामुळे बुडालेल्या झाडात इथिलीन, म्हणजे झाडाचंच वायुरूप संप्रेरक, कोंडतं. त्यानं फायटोग्लोबिन नावाचं प्रथिन वाढतं आणि ते नायट्रिक ऑक्साइड गिळतं. म्हणजे ऑक्सिजन संपायच्या आधीच ईआरएफ-सात प्रथिन साठायला लागतं. हे काम २०१९ चं, तुमच्या पुराच्याच वर्षी आलेलं.

एसएनपीतून सायनाइडही सुटतं आणि सायनाइडनंही बियांची सुप्तावस्था मोडते. तेव्हा एक डिश पोटॅशियम फेरीसायनाइडची (सायनाइड आहे, नायट्रिक ऑक्साइड नाही), एक एसएनपी अधिक सीपीटीआयओची (हे नायट्रिक ऑक्साइड टिपून घेतं). द्रावण ताजं कर, उजेडापासून जप.

धागाकर्ती

धन्यवाद दादा! लॉकर सेमिनारमध्ये ढापतेय. फेरीसायनाइड आहे, सीपीटीआयओ कॉलेजात नाही. मिरज-कोल्हापूरकडे कुणाच्या फ्रीजमध्ये थोडं उरलंय का? एसटीनं येऊन घेऊन जाईन.