‘प्रमुख याजक’ म्हणजे कोण? आणि निवाड्याची आशा कशी?

मालवणहून प्रश्न : शेजारच्या ख्रिस्ती घरातल्या आजी गेल्या, मिस्साबलिदानाला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) आम्ही सगळे होतो. वाचनात ‘प्रमुख याजक’ आला, प्रवचनात ‘न्यायनिवाड्याची आशा’. याजक म्हणजे आमच्या गुरवासारखा का? आणि निवाड्याची आशा कोणाला असते? आमच्याकडे जमिनीच्या निकालाची धास्तीच असते.

वसईहून : याजक ‘यज्’ धातूवरून, यज्ञ करणारा. बोलताना आम्ही फादर किंवा धर्मगुरूच म्हणतो, याजक भेटतो तो वाचनात. संदर्भ बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा. जुन्या करारातला प्रमुख याजक वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, बळीचं रक्त घेऊन मंदिरातल्या पडद्याआडच्या परमपवित्रस्थानात जायचा. आधी स्वतःच्या पापांसाठी, मग लोकांच्या. पुढच्या वर्षी परत तेच. पत्र म्हणतं, ख्रिस्त हातांनी बांधलेल्या जागेत नव्हे, स्वर्गातच गेला आणि स्वतःचं अर्पण एकदाच केलं. दहाव्या अध्यायातला बारकावा मला फार आवडतो : बाकीचे याजक रोज ‘उभे’ राहून सेवा करतात, हा देवाच्या उजवीकडे ‘बसला’. अर्पण आटोपलं. विनवणी मात्र अजून चालूच आहे (अध्याय 7).

मालवणहून : म्हणजे गाऱ्हाणंच की! गुरव गावाच्या वतीनं बोलतो, आपण मागून ‘होय म्हाराजा’.

वसईहून : वतीनं बोलणं, इथवर जुळतं. पण तुमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा वेगळा, ऐकणारा वेगळा. इथे शेवटच्या निवाड्याच्या दिवशी न्यायासनावरही तोच. योहान 5 मध्ये न्यायाचं सगळं काम पुत्राकडे, म्हणजे ख्रिस्ताकडे, सोपवलंय. आजींच्या घरच्यांना आशा वाटते ती यामुळे.

रत्नागिरीहून : ‘कैवारी’ राहिला. योहानाच्या पहिल्या पत्रात येशूला पित्याजवळचा कैवारी म्हटलंय. ग्रीक शब्द पाराक्लेतोस, शुभवर्तमानात तोच पवित्र आत्म्याला. निवड झकास आहे. मध्यस्थ दोन्हीकडचा असतो (आणि जागेच्या व्यवहारात दोन्हीकडून टक्केवारी घेतो), कैवारी आपल्या बाजूनं भांडतो.

‘निवाडा’ निवडण्यातला. मत्तय 25 मध्ये मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा. भीती आहेच, ती पुसून टाकू नये. पण ज्याची वाट भाऊबंदांनी अडवलीय त्याला विचारा, निकालाची तारीख कधी येते असं त्याला झालेलं असतं. स्तोत्र 98 मध्ये समुद्र गर्जतो, नद्या टाळ्या वाजवतात. कारण काय, तर देव पृथ्वीचा न्याय करायला येतोय!

हर्णैहून : इब्री 6:19 कोणीच काढलं नाही? तिथे आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटलंय. घाटावरचे एक पाहुणे हे वाचून म्हणाले, शेतीचा दृष्टान्त छान आहे. अहो, नांगर होडीचा! आमच्याकडे नांगर म्हटलं की आधी दोर, मग खालचा तळ, नांगर धरला की सुटला ते बघायचं. या ओवीतला नांगर मात्र पडद्याच्या आत जाऊन धरतो, जिथे तो याजक आधीच पोचलाय.

मालवणहून : ओवी?

हर्णैहून : वचन म्हणा. आमची आजी ओवीच म्हणायची. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी 1616 साली ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांतच सांगितली होती, तेव्हा चालायला हरकत नाही.