जास्त नॉमिनेशन्स म्हणजे बेस्ट पिक्चर पक्कं?
ऑस्करमध्ये ज्या पिक्चरला सगळ्यात जास्त नॉमिनेशन्स तोच बेस्ट पिक्चर नेणार, हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. 2022 चं ऑस्कर आठवा ना, द पॉवर ऑफ द डॉगला तब्बल 12 होती आणि हातात आलं फक्त दिग्दर्शनाचं, कोडा या पिक्चरला मोजून 3 आणि तिन्ही जिंकली, बेस्ट पिक्चरसकट! बेस्ट पिक्चरला पसंतीक्रमाने मतं देतात, निम्म्याच्या वर जावं लागतं, कोणीच गेलं नाही तर तळाचा पिक्चर बाद होऊन त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात, त्यामुळे बऱ्याच जणांचा दुसरा-तिसरा नंबर असणंही कामाला येतं. आणि कोडातला तो मुलीच्या शाळेतल्या गाण्याचा सीन, आवाज एकदम बंद होतो आणि बहिरा बाप आजूबाजूच्या लोकांचे चेहरे बघत राहतो... मी तिथेच रडले, असा पिक्चर यादीत तळाला कोण टाकेल?