सीझनमध्ये मान वर करायला वेळ नाही, मग इन्स्टा आणि गूगल कोणी सांभाळायचं?

भाड्याची_सायकल
नमस्कार मंडळी. पर्यटकांच्या जागी सायकली भाड्याने द्यायचा धंदा आहे, मी, बायको आणि सीझनपुरता एक पोरगा, बस एवढाच स्टाफ. गंमत अशी की ऑफ सीझनला वेळच वेळ, तेव्हा रोज रील टाकतो आणि कुत्रं बघत नाही. सीझन लागला की सकाळपासून रात्रीपर्यंत हवा भरा, चेन लावा, हेल्मेट मोजा, त्यात इन्स्टा तीन-तीन आठवडे ओस आणि डीएम, म्हणजे तिथले खासगी मेसेज, दोन-दोन दिवस तसेच पडून. मागच्या वेळी एक पोस्ट पैसे भरून बूस्ट केली, लाइक धो धो आले पण त्यातलं एकही माणूस दारात आलेलं आठवत नाही. उलट ज्या दिवशी सगळ्या सायकली बाहेर, नेमके त्याच दिवशी फोनवर फोन. आणि रोज कोणीतरी इन्फ्लुएन्सर फुकट राइड मागतोच. तर रोज पोस्ट टाकणं खरंच गरजेचं आहे का? पैसे जाहिरातीत घालू की सगळं सोडून समोरचं गिऱ्हाईक बघू?

खोल्या_रिकाम्या_नाहीत
रोज पोस्ट विसरा. मी खोल्या भाड्याने देतो, बरीच वर्षं झाली, आणि माझं सरळ मत आहे की सीझनमध्ये नवीन काही बनवायचंच नसतं, जे आहे ते बरोबर आहे का एवढंच बघायचं.

विचार करा, माणूस गाडीतून उतरलाय, त्याला आत्ता सायकल हवीय. तो तुमचं रील शोधत बसणार आहे का? तो नकाशा उघडतो आणि "जवळपास सायकल भाड्याने" असं काहीतरी टाकतो. तिथे कोण वर दिसणार हे गूगल स्वतःच सांगतं, शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, अंतर किती आणि तुमचं नाव किती झालंय, मुख्यतः या तीन गोष्टींवर. अंतर आपल्या हातात नाही, उरलेल्या दोन्ही बऱ्यापैकी आहेत. म्हणजे गूगलवरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीत कॅटेगरी नेमकी निवडा, "दुकान" असं मोघम नको. सीझनची वाढीव वेळ आणि सुट्टीच्या दिवसांची वेगळी वेळ भरा, त्यासाठी स्पेशल अवर्स म्हणून वेगळी जागाच आहे. फोटो ताजे टाका, त्यात दाराबाहेरून रस्त्यावरून दिसतं तसा एक फोटो हवाच, लोक तोच बघून ओळखतात. आणि ही नोंद सांभाळायचं गूगलचं ते जुनं माय बिझनेस अ‍ॅप शोधत बसू नका, २०२१ मध्ये नाव बदलून बिझनेस प्रोफाइल झालं आणि पुढच्या वर्षी अ‍ॅपही बंद केलं, आता सर्चमधून किंवा मॅप्समधूनच सगळं होतं.

रिव्ह्यू मागायची वेळ एकच, माणूस सायकल परत देतो तेव्हा. घामाघूम असतो पण खूश असतो. काउंटरवर क्यूआर कोड चिकटवा आणि तोंडाने सांगा, नुसत्या चिकटवण्याने कोणी करत नाही. बदल्यात सूट किंवा भेट मात्र देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही, आणि फक्त खूश दिसणाऱ्यांनाच मागणं हेही बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर त्या माणसाशी भांडू नका (मी भांडलोय, रात्री बारा वाजता, अजून तिथे तसंच दिसतं). उत्तर त्याच्यासाठी नसतंच, पुढे वाचणाऱ्यासाठी असतं.

तीन_टिक
वरच्याला +१. डीएमचं म्हणाल तर निम्मे प्रश्न तेच ते असतात, किती वाजेपर्यंत उघडं, लहान मुलांची सायकल आहे का, डिपॉझिट लागतं का, आत्ता मिळेल का. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, त्यात क्विक रिप्लाय बनवून ठेवता येतात, तिरकी रेघ आणि शॉर्टकट टाकला की अख्खं उत्तर येतं. आपण नसताना आपोआप जाणारा अवे मेसेजही लावा, पण "लवकरच संपर्क करू" असला मठ्ठ नको. "आत्ता काउंटरवर गर्दी आहे, उद्यासाठी किती सायकली आणि किती वाजता एवढं लिहून ठेवा, रात्री कन्फर्म करतो" असं लिहा, माणूस कामाची माहिती देऊन थांबतो आणि दुसरीकडे जात नाही. इन्स्टाच्या बायोमध्ये तोच नंबर द्या म्हणजे दोन ठिकाणी उत्तरं देणं वाचतं.

एकच मेसेज अनेकांना धाडायच्या साध्या ब्रॉडकास्ट लिस्टच्या भानगडीत पडू नका. तुमचा नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो, आणि दोन दिवसांसाठी आलेला पर्यटक कशाला सेव्ह करेल.

बूस्ट_बटणाचा_बळी
बूस्टबद्दल मी बोलतो कारण मी तिथे बरेच पैसे जाळलेत. लाइक आले म्हणजे जाहिरात चालली असं नाही, मेटाला (इन्स्टाची मालक कंपनी) तुम्ही जे मागता ते तो आणून देतो, प्रोफाइल व्हिजिट मागितल्या की व्हिजिट आणि मेसेज मागितले की मेसेज. तुम्हाला मेसेज हवेत, तेच निवडा.

दुसरी अडचण लोकेशनची. पूर्वी मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये "या ठिकाणी प्रवासाला आलेले लोक" असा वेगळा पर्याय होता, आपल्यासारख्यांसाठी सोन्यासारखा. २०२३ मध्ये तो काढला. आता तिथे राहणारे आणि नुकतेच तिथे असलेले सगळे एकाच टोपलीत, म्हणजे तुमची जाहिरात शेजारच्यांनाही दिसणार, ज्यांच्याकडे स्वतःची सायकल आहे. म्हणून ऐन गर्दीत तिथल्या तिथे जाहिरात करण्यापेक्षा सीझनच्या आधी, जिथून तुमचे पर्यटक येतात त्या शहरांत करा, लोक बेत आखत असतात तेव्हा. कुठून येतात हे कसं कळणार? अहो तुमच्या भाड्याच्या वहीत पत्ते असतीलच की.

आणि एक, रोज बजेट आणि फोटो बदलत बसू नका. मेटाची लर्निंग फेज असते, आठवड्याला साधारण ५० रिझल्ट मिळेपर्यंत सिस्टिम चाचपडत असते, आपण मोठे बदल केले की परत पहिल्यापासून. आपल्या बजेटमध्ये ५० होतीलच असं नाही, पण निदान स्वतःहून खोडा घालू नये. सायकली संपल्या की मात्र जाहिरात पॉझ करा, "नाही" सांगण्यासाठी फोन वाजवून घ्यायला पैसे का द्यायचे.

भाड्याची_सायकल
वहीचं डोक्यातच नव्हतं आलं! बरं मग इन्स्टा पूर्ण बंदच ठेवू? आणि त्या फुकट राइडवाल्यांचं काय?

फक्त_वाचायला_येतो
फुकट राइडवाल्यांना सांगा सायकल आम्ही देतो, पेडल तुम्हाला मारावं लागेल. अर्धे गळतात.

रील_कापणारी
😂 इन्स्टा बंद नका ठेवू, फक्त शूट आणि पोस्ट यांची फारकत करा. सीझनमध्ये गर्दी आहे, ऊन आहे, हसरे चेहरे आहेत, हे ऑफ सीझनला कुठून आणणार? त्या सीझनच्या पोराला सांगा रोज दहा-दहा सेकंदांचे तीन-चार उभे व्हिडिओ घे, रांगेत लावलेल्या सायकली, सीट खालीवर करताना, कोणीतरी पहिल्यांदा लडखडतंय, बास. एडिट नको, फोल्डरमध्ये टाकून मोकळं व्हायचं. मग रिकाम्या महिन्यांत त्याची रील कापा आणि पुढच्या सीझनच्या महिनाभर आधीपासून सोडा. सीझनमध्ये फक्त स्टोरी, "आज इतक्या सायकली शिल्लक" एवढंच, चोवीस तासांत ती जातेच. वेळ, रस्ता, डिपॉझिट हे मात्र प्रोफाइलवर टिकून राहणाऱ्या स्टोरीत, म्हणजे हायलाइटमध्ये, कायमचं.

दोन सूचना. लोकांचे चेहरे टाकताना विचारा, लहान मुलं असतील तर आईबापांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आणि बिझनेस अकाउंटला ट्रेंडिंग गाणी बऱ्याचदा मिळत नाहीत, तर वैतागून दुसरीकडून गाणं चिकटवू नका, आवाज म्यूट होतो किंवा रील उडतं. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं घ्या, नाहीतर सरळ सायकलच्या घंटीचा आवाज ठेवा, तो कोणाच्या बापाचा नाही.

इन्फ्लुएन्सरला एकच विचारायचं, इनसाइट्सचा (इन्स्टा देतं ती बघणाऱ्यांची आकडेवारी) स्क्रीनशॉट दाखव, तुझे बघणारे कुठल्या शहरांतले आहेत. तुमच्या वहीतल्या शहरांशी जुळलं तर बोला, कोलॅब पोस्ट करायला सांगा म्हणजे ती तुमच्याही प्रोफाइलवर राहते, कच्चे व्हिडिओही मागून घ्या. आणि शनिवार-रविवार नाही, मधल्या वारी बोलवा.

भाड्याची_सायकल
सगळ्यांचे खूप आभार. आत्ता रात्री बसून नकाशा उघडला. बंद व्हायची वेळ दोन तास अलीकडची दाखवतंय, म्हणजे संध्याकाळची गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर जात होती. आणि पिन मागच्या गल्लीत आहे. आता कळलं लोक फोनवर "आलोय हो, पण इथे नुसती भिंत आहे" असं का म्हणायचे, मी आपला त्यांनाच सांगायचो की नीट बघा.

खोल्या_रिकाम्या_नाहीत
हाहा, भिंतीला रिव्ह्यू आला नाही हे नशीब. पिन सरकवा, बदल दिसायला थोडा वेळ लागू शकतो. दिसला की दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर रस्ता लावा आणि स्टँडपासून स्वतः चालत या. आपल्या फोनवर आपल्याला सगळं बरोबरच वाटतं.