आर्टिस्ट व्हिलेज आणि दिवाळे कोळीवाडा: तुमचे अनुभव लिहा

नवी मुंबईतल्या बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे आणि खाडीकाठी दिवाळे कोळीवाडा. तिथे राहिलेल्या, चित्रं काढलेल्या, मासळी विकलेल्या सगळ्यांनी लिहा. दोन ओळीही चालतील.

आर्टिस्ट व्हिलेज, बेलापूर
माझं बालपण इथलंच. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वसाहत १९८३ ते १९८६ दरम्यान उभी राहिली. सात घरं आणि मधे साधारण ८ बाय ८ मीटरचा चौक. अशा तीन चौकांची २१ घरं मिळून आणखी एक मोठं अंगण. भिंतीला भिंत लागत नाही, म्हणून ज्याला जमेल तसं त्याने घर वाढवलं. बाबांनी आधी पोटमाळा काढला, मग मागे खोली. शेजारचे काका मूर्तिकार. त्यांची शाडू मळायचं काम आम्हा पोरांचं, आणि चौकात माती सांडली म्हणून कुणाची आई ओरडली नाही. आता बरीच घरं पाडून मजले चढलेत. कुटुंबं वाढली, ते मान्यच. चौकात गाड्या लागतात याचं मात्र फार वाईट वाटतं. काम बाहेर आणून बसायची तीच तर जागा होती.

दिवाळे
रविवारी जेट्टीवर चित्रकलेची मुलं येतात, आम्हाला आवडतं. होड्यांची चित्रं काढायची असतील तर नारळी पौर्णिमेच्या आधी या, तेव्हा डागडुजी आणि रंगकाम चालू असतं. ते रंग, ती नावं आमचीच माणसं काढतात. त्यांनाही कलाकार म्हणा. आणि बायकांना विचारल्याशिवाय त्यांचं चित्र काढू नका. एका मुलीने माझ्या आईला विचारून तिचं चित्र काढलं. आई चित्र बघून म्हणाली, "अगो, हा जिताडा नाय, बोय हाय." मुलीने तिथेच बसून मासा बदलला. चित्र आमच्या घरात लावलंय.

ठाणे, चेंदणी
चेन्नईजवळचं चोलमंडल हे कलाकारांचं गाव बघून आलो. १९६६ मध्ये चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी समुद्रकाठी ते वसवलं. बाटिक आणि हस्तकला विकून खर्च भागवला, म्हणून चित्रं मनासारखी काढता आली. आमच्या कोळीवाड्यातल्या मुलांसाठी असं काही उभं राहावं, अशी मनापासून इच्छा आहे. जागेची माहिती असेल तर इथेच सांगा.

नेरुळ
दिवाळ्याला ओहोटीची वेळ बघून जा. होड्या चिखलात कलतात, तेव्हा त्यांचा तळ नीट दिसतो. कागद चारही बाजूंनी चिकटवा, खाडीचा वारा थांबत नाही.